कितव्या नंबरची?

(हिंजवडीत, माणच्या रस्त्याला लागून असलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसं छापलं आहे.)



तुमच्यातल्या पोरांनी मला सांगितलं, 'ताई, तुमच्या पाडलेल्या चाळीच्या आठवणी सांगा. हलकंफुलकं काहीतरी. दोन तास मीटिंग झालीय, डोकी तापलीत.' मी हो म्हटलं. पण घरी जाऊन विचार केला, तर हलकंफुलकं काय सांगायचं तेच सापडेना. जे सापडलं ते सांगते. कंटाळा आला तर उठून जा, मला राग नाही.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतली. जन्म १९६५ चा. नोकरी केली, रिटायर झाले, आता पोरीकडं इथं हिंजवडीत राहायला आलेय. ती तुमच्यासारखीच, गळ्यात पट्टा अडकवून सकाळी काचेच्या बिल्डिंगीत शिरते. माझ्या बापाच्या गळ्यात पट्टा नव्हता, खिशात गिरणीचा पास होता. फरक एवढाच की गिरणीचा भोंगा आख्ख्या मोहल्ल्याला ऐकू यायचा. तुमचा भोंगा तुमच्या एकट्याच्या मोबाईलमध्ये वाजतो.

आता चाळ कशी होती ते सांगते. कारण आठवण सांगताना लोक सरळ पापडकुर्डयांवर जातात, आणि चाळ बांधली कोणी, कशाला, हे राहून जातं.

१९२० साली लॉइड नावाचा गव्हर्नर होता. त्याच्या राजवटीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याचंच बीडीडी. गिरण्यांना माणसं पाहिजे होती, माणसांना निजायला जागा पाहिजे होती. बेत होता ५० हजार खोल्यांचा. पैसा कुठला, तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर. बेत गडगडला आणि झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन. मधून बोळकांडीसारखा पॅसेज, दोन्ही अंगाला दहा-दहा खोल्या. एका मजल्याला वीस, चाळीला ऐंशी. खोली १६० चौरस फूट. संडास सामाईक.

बांधल्या तेव्हा वरळीत राहायला कोणी येईना. लांब पडायचं, भाडं परवडायचं नाही. रिकाम्या चाळींचं सरकारनं काय केलं, ठाऊक आहे? १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही पकडले, त्यांना ठेवायला तुरुंग पुरेना, म्हणून वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढं त्याच खोल्यांत आम्ही संसार मांडले. तुरुंगाला चालली ती खोली कामगाराला पण चालली. सरकारला दोघांसाठी वेगळा नकाशा काढावा लागला नाही.

आमच्या खोलीत आठ माणसं. आई, बाबा, आम्ही चार भावंडं, आजी, आणि गावाकडून आलेला चुलता. बाबा रातपाळीला गेले की चुलता त्यांच्या जागी आडवा व्हायचा. बाबा सकाळी आले की चुलता कामावर. वळकटी एकच, ती थंड होत नसे. उन्हाळ्यात पुरुष माणसं पॅसेजमध्ये नाहीतर मैदानात झोपायची. बाया आत. आईला रात्री वारा म्हणजे काय ते मी मोठी होईतो माहीत नव्हतं.

बाबा गिरणीत रिंग खात्यात. साचाखात्यात पगार जास्त. मग बाबा साचाखात्यात का नव्हते? ही गोष्ट तुम्ही पाठ करून ठेवा. जुन्या धोट्यात कांडी बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढावं लागायचं. आमच्या तोंडचा धोटा पुढच्या पाळीचा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून साचाखात्याचं दार आम्हाला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना हाच सवाल केला, की मालकाकडं मागण्या मागताय, मग ही मागणी का नाही? यंत्र विलायतेचं, कापूस देशाचा, थुंकीला मात्र जात. बाबांच्या वेळेला कायदा बदलला होता, संविधान आलं होतं. पण बापानं धरलेलं खातं पोराला लागायचं. आज्याला अडवलेलं दार नातवापर्यंत अडलेलंच राहिलं.

तर अशी चाळ. आता तिचा पत्ता सांगायचा तर नंबर सांगावा लागतो. आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते.

वरळीत कोणी नाव विचारायचं नाही. विचारायचे, 'कितव्या नंबरची?' बस्स. नंबर सांगितला की जात कळली. काही नंबर बौद्धांचे, काही नंबर मराठ्यांचे, काही मिसळ. कोणी कायदा करून वाटले नव्हते. गावाचा माणूस गावाच्या माणसाशेजारी, जातीचा जातीशेजारी खोली धरत गेला आणि गावकुस आणि महारवाडा काँक्रीटमध्ये उभे राहिले. फक्त उभे राहिले चार मजले. मी आज माझ्या चाळीचा नंबर सांगणार नाही. तुमच्यात एखादा वरळीकर असेल, त्यानं मनात अंदाज बांधला असेल. बांधलास ना? तोच तर सवाल आहे.

शाळा एकच, म्युनिसिपाल्टीची. समोरच्या चाळीतली एक पोर माझ्या बाकावर बसायची. आम्ही मैदानाच्या कट्ट्यावर सागरगोटे खेळायचो. ती आमच्या खोलीत कधी आली नाही. मी तिच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या आत नाही. कोणी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. उंबऱ्यापाशी आपोआप पाय थांबायचा. आठ वर्षांच्या पायाला हे कोणी शिकवलं, सांगा.

१९७४ उजाडलं. मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरनं बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीत, आमच्या चाळींच्या मैदानात पँथरची सभा. आमच्या मजल्यावरची तरणी पोरं दुपारपासूनच खाली. बायांनी भाकऱ्या लवकर थापल्या. सभेत दगड आले, मग पोलिसांच्या काठ्या आल्या, आणि मग वरळी पेटली ती कितीतरी दिवस विझली नाही. १० तारखेला नायगावहून निघालेल्या मोर्चात परळला वरून घातलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. ते नाव तुम्ही दर जानेवारीला घेता. मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं पॅसेजमध्ये, बायांच्या रडण्यातून.

मी तुम्हाला इतिहास नाही सांगत, तो छापलेला आहे. मी तेव्हा तिसरीत होते, त्या पोरीनं काय केलं ते सांगते. मी फ्रॉकच्या ओच्यात दगड भरून वर गच्चीत नेले. तीन मजले. पाच-सहा खेपा केल्या. गुडघे फुटले. एका पोरानं डोक्यावर हात ठेवून 'शाब्बास' म्हटलं, तर मला शाळेतल्या बक्षिसापेक्षा ते मोठं वाटलं. समोरच्या गच्चीवरही माणसं. त्यांच्यातही पोरं होती, ओचे भरून. माझी सागरगोट्यांची मैत्रीण होती की नाही, दिसलं नाही. पण असणारच. तिलाही कोणीतरी शाब्बास म्हटलं असणार.

रात्री दिवे घालवून बसायचो. दाराला आतून ट्रंक आणि पाटा लावलेला. बाबा रातपाळीला अडकले, तीन दिवस घरी नाहीत. पोलीस जिन्यानं वर यायचे तेव्हा बुटांचा आवाज मोजायची मी. पहिला मजला. दुसरा. आमचा. आणि लक्षात घ्या, बीडीडीत पोलिसांच्याही खोल्या होत्या. शिपाई पण चाळकरीच, आमच्यासारखेच १६० फुटांत. पण वर्दी घातली की त्यालाही नंबर दिसायचा.

शाळा सुरू झाली. ती माझ्या बाकावर आली नाही. मी पण बोलावलं नाही. पुढं आम्ही दोघी त्याच वरळीत लहानाच्या मोठ्या झालो आणि एकमेकींना शब्द बोललो नाही.

आता १९८२. १८ जानेवारीला संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. पहिले सहा महिने उत्साह, मग भांडी विकली, मग मंगळसूत्रातले मणी. त्या वेळेला मात्र नंबर थोडे पुसट झाले. रेशनच्या रांगेत समोरच्या चाळीची बाई आईच्या पिशवीजवळ आपली पिशवी ठेवून जायची, 'ताई, बघा जरा' म्हणायची. आठ वर्षांपूर्वी गच्चीवरून दगड, आणि आता ही पिशवी. भुकेनं तेवढं केलं, हे मी कबूल करते. पण पुरतं पुसलं नाही. पिशवी सांभाळली, पाणी मात्र तिनं मागितलं नाही.

बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. आई वरळी सीफेसच्या बिल्डिंगीत भांडी घासायला लागली. चार घरं, नंतर सहा. घरात पैसा तिचा. खोलीचं भाडं तिचं. दर महिन्याला पदराच्या गाठीतून नोटा सोडायची आणि मला म्हणायची, 'जा, भरून ये, पावती नीट आण.' पावतीवर नाव बाबांचं. बाबा गेले, नाव भावाचं झालं. आईचं नाव त्या पावतीवर एक दिवसही आलं नाही. माझं तर सोडाच. आम्ही पँथरची माणसं, घोषणा देणारी, मनुस्मृती जाळणाऱ्याची लेकरं. पावतीवर नाव कोणाचं, हे आमच्या एकाही मीटिंगला निघालं नाही. मी पण काढलं नाही. हा दगड मी माझ्याच ओच्यात अजून बाळगून आहे.

मग पुनर्विकास आला. २०१७ ला भूमिपूजन, २०२१ ला परत नारळ. म्हाडा बांधणार. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून पंधरा हजारांवर भाडेकरू. शिवडीची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणून तिथल्या चाळी बाजूला राहिल्या. भाडेकरूला १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट, मालकीचे, फुकट. दोस्तांनो, याला मी नाक मुरडणार नाही. ज्यांनी सामाईक संडासाच्या रांगेत पोटातलं पोर घेऊन उभं राहिलेलं नाही, त्यांनी 'चाळ संस्कृती गेली हो' म्हणून गळे काढावेत. माझ्या वहिनीला घरात स्वतःचा संडास मिळतोय, दाराला कडी मिळतेय. शंभर वर्षं उशिरा मिळतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. बाकीचे वाटेवर आहेत.

२०२२ साली तिन्ही जागांना नावं द्यायचं सरकारनं ठरवलं. वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, डिलाईल रोडला राजीव गांधी नगर, नायगावला शरद पवार नगर. तुमचं हे आयटी पार्कही राजीव गांधींच्याच नावाचं. नावं मोठ्या माणसांची असतात, त्याचं मला काही नाही. शंभर वर्षं तिथं घाम गाळलेल्यांपैकी एकाचंही नाव सुचलं नाही, एवढीच नोंद करते.

आमची चाळ रिकामी करायची ठरली, तेव्हा मैदानात निरोपाचा कार्यक्रम झाला. मंडप, स्पीकर, पुलाव. सगळ्या नंबरचे लोक आले. एकेक जण माईकवर. 'आपण सगळे एक कुटुंब होतो.' 'इथं जात नव्हती, धर्म नव्हता.' 'कोणाच्याही घरात जाऊन जेवायचो.' टाळ्या. बाया डोळे पुसत होत्या. माझ्याकडं माईक आला. माझ्या तोंडात ते सगळं होतं. उंबरा होता, गच्ची होती, बुटांचा आवाज होता, पिशवीजवळ न मागितलेलं पाणी होतं. आणि मी काय बोलले? 'आठवणी खूप आहेत, शब्द नाहीत.' आणि माईक पुढं दिला.

शब्द होते. मी खोटं बोलले. सणाच्या दिवशी विघ्न नको म्हणून. चांगली दिसावी म्हणून. वयाच्या नवव्या वर्षी तीन मजले दगड नेणारी पोरगी म्हातारपणी एक वाक्य उचलू शकली नाही. म्हणून आज इथं बोलतेय. हे भाषण तिथं व्हायला पाहिजे होतं.

नंतर चाळ पाडताना बघायला गेले. यंत्राचा जबडा भिंतीला लागला, की आमच्या मजल्याची खोली उघडी पडली. कोणाची तरी निळ्या रंगाची भिंत, त्यावर फोटोच्या जागेचा स्वच्छ चौकोन. फोटो कोणाचा, सांगायला नको. शेजारच्या चाळीतही भिंतीवर तसाच चौकोन असणार, फोटो दुसरा. मलबा एकाच ट्रकमध्ये गेला. जन्मभर जे एकत्र बसले नाहीत ते सगळे चुना-खडी होऊन एकत्र गेले. मला वाटलं, चला, नंबर तरी संपला.

मग मी हिंजवडीत आले. पोरीला भाड्यानं घर बघायचं होतं. एजंट गोड बोलला. मेंटेनन्स सांगितला, पार्किंग दाखवलं. मग विचारलं, 'मॅडम, पूर्ण नाव?' पोरीनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. 'नाही, आडनाव?' सांगितलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, 'ओनर फॅमिलीला प्रेफर करतात.' आम्ही दोघी मायलेकी फॅमिली नाही तर काय आहोत? तिथून खाली येताना लिफ्टमध्ये मला हसू आलं. पोरगी म्हणाली, 'आई, हसतेस काय?' म्हटलं, 'अगं, यानं नंबर विचारला.'

तर ही माझी आठवण. चाळ पडली, नंबर शिल्लक आहे. त्यानं पत्ता बदललाय. म्हणून पाडलेल्या वस्तीबद्दल लिहाल, तेव्हा भावकीच्या गोडव्यानं लिहू नका. कोण कोणाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं ते लिहा. पाणी कोणी मागितलं नाही ते लिहा. पावतीवर नाव कोणाचं होतं ते लिहा. आपल्याच घरातलंसुद्धा लिहा.

आणि शेवटचं. या गच्चीवरून खाली बघा. त्या अर्धवट टॉवरच्या पायथ्याला पत्र्याच्या खोल्या दिसतात ना? ती वस्ती आहे. बांधकामाच्या मजुरांची. मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारचे, ओरिसाचे, झारखंडचे. टॉवर पुरा झाला की पत्रे उचलतात, वस्ती दुसऱ्या साईटवर. तिथली पोरगी दहा वर्षांची होईतो तिच्या चार-पाच वस्त्या पाडल्या गेलेल्या असतात. त्याला कोणी पाडकाम म्हणत नाही. तिथं भूमिपूजन नाही, निरोपाचा पुलाव नाही, पात्र-अपात्रची यादी नाही. आमच्या चाळीला निदान नंबर तरी होता.

आमच्या चाळींसाठी कापसाच्या गाठीवर रुपया होता. बांधकाम मजुरांसाठी १९९६ ला कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, तो याच मजुरांसाठी. राज्यात त्यांचं कल्याणकारी मंडळ आहे. पण नोंदणी असेल तरच त्यातलं काही हाती पडतं. आणि नोंदणीला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो दर चार-सहा महिन्यांनी साईट बदलतो, ज्याचा ठेकेदार सही करायला टाळतो, त्यानं तो दाखला कुठून आणायचा? तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्या देशांचे फॉर्म भरता. रविवारी दोन तास खाली उतरून या माणसांचे फॉर्म भरा. दाखल्यासाठी ठेकेदाराच्या दारात त्यांच्याबरोबर उभे राहा. आणि फॉर्म भरताना बाईचा फॉर्म वेगळा भरा, तिच्या नावानं. ती पण वीट वाहते. नवऱ्याच्या फॉर्मात तिला 'कुटुंब' म्हणून कोंबू नका. माझ्या आईची पावती मी बदलू शकले नाही, ही तरी बदला.

इथून जवळच देहूरोड आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेब तिथं आले, बुद्धाची मूर्ती बसवली. दरसाल आपण तिथं जातो, रांग लावतो, मेणबत्ती लावतो. जरूर जा. पण जाताना या पत्र्यांच्या बाजूनं जा. तिथं थांबा, बसा, त्यांच्यातल्या एखाद्या पोरीला विचारा की आत्तापर्यंत कुठं कुठं राहिलीस. ती सांगेल ते लिहून घ्या आणि या अंकात छापा.

आणि त्यांच्या दारात गेलात तर उंबऱ्यावर थांबू नका. पाणी मागा.

जयभीम.